अळणी

श्यामनगरच्या शाळेत दवाखाना मांडलाय,
दोन बाकांच्या मधे एक स्टूल, त्यावर मी.
एका बाजूला डॉक्टर शर्मीन, राजशाहीच्या,
कालच आल्या, त्यांची बांगला पुस्तकातली.
दुसऱ्या बाजूला बिनोदिनी मुंडा, सातवा महिना,
तिच्या सादरीला बाजारात गिऱ्हाईक नाही.
माझा पगार अजून ठरायचाय.

दंडावरचा पट्टा फुगतो, सुस्कारा टाकतो.
डॉक्टर आकडा बघतात, मग माझ्याकडे,
तिच्याकडे नाही.
'मीठ कमी खायला सांग.'

मी सांगते.
बिनोदिनी पदराआड हसते.
'भातात मीठ घालणं मी कधीच सोडलं.'

मी सांगते.
डॉक्टर लिहितात. मला उलटं वाचता येतं:
रुग्ण खरं बोलत नाही.

आता हे कुठल्या भाषेत नेऊ?
दोन्हीकडची घागर डोक्यावर घ्यायची
आणि मधल्या वाटेत सांडायचं नाही, असं हे काम.
तरी मी थोडं माझं घालते:
'पाय सुजतात का, विचारतायत.'
त्यांनी विचारलेलं नसतं.
'सुजतात,' ती म्हणते, 'बांध फुटल्यापासून.'

डॉक्टरांना तारीख हवी.
तिच्याकडे वादळं आहेत.
मी बोटांवर वादळं मोजून साल काढते,
एक बोट चुकतं, पुन्हा मोजते.

दुपारी पंखा थांबतो. डॉक्टरांची बाटली रिकामी.
बिनोदिनी पोट सावरत उठते,
आपल्या कळशीतलं पेल्यात ओतते,
पाहुणीला द्यावं तसं, दोन्ही हातांनी.

डॉक्टर एक घोट घेतात.
थुंकत नाहीत; घरचं वळण असावं.
बाहेर कोळंबीच्या तळ्यांवर ऊन सपाट पडलेलं,
पलीकडे खोलपेटुआ, भरतीला लागलेली,
दरवर्षी वीतभर आत सरकून बसणारी.

'ह्याला काय म्हणता तुम्ही?'
'पाणी,' मी म्हणते.
'पाणीच म्हणतो.'

नावडतीचं मीठ अळणी, असं ऐकलंय.
इथे नावडतीचं पाणीच खारट,
आणि मीठ खाल्ल्याचा आळही तिच्यावर.

डॉक्टर एक ओळ खोडतात. गोळी लिहितात.
सकाळी एक, रात्री एक,
कशाबरोबर, हे लिहिताना पेन थांबतं.
ते थांबणं मला सांगावं लागलं नाही.

बिनोदिनीने चिठ्ठी कमरेला खोचली,
पेला उचलला, विसळला,
त्याच पाण्याने.