दीड इंच

दस्तगीर शिकलगार आधी चप्पल काढतो.
पिंपातल्या पाण्यानं डावा पाय धुतो,
फडक्यानं बोटांच्या बेचक्यापर्यंत पुसतो
आणि मग माझ्या अडुसष्ट सालच्या दोनमाणशी गाडीत बसतो.
बसतो म्हणजे स्वतःची घडी घालून ठेवतो.
छत उघडं आहे, तरी मान खाली.

"बोला सर."
मी बोलतो. पॉलिटेक्निकात वीस वर्षं बोलतोच आहे.
रिव्हर्सला दात खाते. सिग्नलला गिअर निघत नाही.
मास्टर सिलिंडर बदलला, पुण्याहून मागवला होता.
खालचाही बदलला. प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी.
दाब कुठून कुठं जातो ते मी
खडूनं, डोळे झाकून, काढून दाखवू शकतो.

"ते ऱ्हाऊ द्या. पाय काय म्हणतोय?"

पाय?
पायाला विचारायचं राहिलं होतं.

डोळे झाकतो तो.
उद्यमनगरात दुपारचे साडेतीन,
शेजारच्या शेडमध्ये लेथ किंचाळतोय,
समोर कुणी टिलरचा सायलेन्सर ठोकतंय,
आणि हा माणूस तळव्यानं ऐकतोय.

दाबतो. दाबून धरतो. धरूनच ठेवतो,
एक विडी ओढून होईल इतका वेळ.
"बुडंना. सील चांगलं हाय. आधीचंबी चांगलंच असंल."
भराभर चार वेळा मारतो.
"घट्ट होईना. म्हंजे हवा न्हाई."
गालिचा उचलून दोन बोटं आत घालतो, नाकाला लावतो.
कोरडं.
"इकलास, नळी धर रं. फुगती का?"
गाडीखालून आवाज: "न्हाई चाचा."

प्रत्येक 'न्हाई'ला मला माझं एकेक बिल आठवतं,
जीएसटीसकट.

मग पाय काढून घेतो तो आणि पेडल
नुसत्या करंगळीनं हलवतो.
खाली, वर. खाली, वर.
लहान पोराचा हलता दात बघावा तसा.
"हितनं हितपर्यंत काईच न्हाई. पोकळ.
दीड इंच तुमचा पाय फुकट चालतोय, सर.
गाडीला कळतंय ते त्येच्या फुडं."

डॅशबोर्डखाली उलटा शिरला, पाय सीटच्या पाठीवर,
आणि बाहेर आला तेव्हा तळहातावर
एक पिन. करंगळीच्या पेराएवढी.
मधेच कंबर झालेली,
दोन पेरांत बारीक राहिलेल्या उसासारखी.
जिच्यात ती बसायची ते भोकही
गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं.

माझ्याआधी सांगलीचा एक दंतवैद्य.
त्याच्याआधी कुणी चहाच्या मळ्यावरचा मॅनेजर.
त्याच्याआधीचं कागदपत्र उंदरांनी खाल्लंय.
सगळ्यांचे डावे पाय ह्या पिनीत थोडे थोडे उरलेत,
किंवा उरले नाहीत,
जे नाही तेच तर ते.

बापूसो मगदूमांनी लेथवर नवी पिन काढून दिली,
भोकात गनमेटलचा बुश ठोकला.
दीडशे रुपये. चहा माझ्याकडून.
दस्तगीरनं मजुरी सांगायला बराच वेळ घेतला,
शेवटी इकलासनंच सांगितली.

रिव्हर्स पडला आवाजाशिवाय.
पडलाच नाही असं वाटून मी पुन्हा टाकला.

आणि परीख पुलाखाली गाडी दोनदा बंद पाडली.
तीन वर्षं पाय जिथं थांबायला शिकला होता
तिथं आता ती लागतच नाही, वर लागते.
पाय वाट बघतो, गोंधळतो, घाईनं सुटतो,
आणि ती उडी मारून गप्प.
जुनी पिन वरच्या खिशात, पेनाशेजारी.
उद्या वर्गात फिरवावी म्हणतो.
बरोबर काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

मागं केएमटी. ड्रायव्हर अर्धा बाहेर झुकून:
"ओ काका, शिकायला आणलीया व्हय?"

व्हय, म्हटलं,
आणि खाली वाकून
डाव्या बुटाची नाडी सोडायला लागलो.
हॉर्न वाजतच होते.