पासचा शिक्का

आप्पा शिरोलीत इन्स्पेक्शनला होते.
बेंचवर दोन गेज,
एक आत जायलाच पाहिजे,
दुसरा जाता कामा नये.
मधल्या केसभर जागेत
एकतीस वर्षं काढली त्यांनी.
पासचा शिक्का रात्री लॉकरमध्ये, किल्ली करगोट्याला.
कामाबद्दल घरी एकदाच बोलले:
"आपण केल्याला जॉब
आपण पास करायचा न्हाई."

काल साडेअकराला मेल आला.
आजपासून तपासायचा आणि आत घ्यायचा
अधिकार तुमच्याकडेही.
खाली ओलेनाची सही.
तिचं गाव मला माहीत नाही,
राजारामपुरी सातवी गल्ली तिला माहीत असायचं कारण नाही.
आई दूध झाकत होती. म्हणाली, "पगार वाढला?"
पगार नाहीच गं त्याला.
"मग जागतीस कशाला?"

मराठी शब्द ओळीच्या कडेला कुठं तोडायचा,
एवढंच करतं ते सॉफ्टवेअर.
माझ्या पहिल्या बदलानं आमचंच गाव फोडलं होतं:
कोल्-
हापूर.
इंगवले नावाच्या कुणी शेजारी लिहिलं,
"ल्ह हा एकच घास आहे, तोडू नका.
बाकी चांगलं चाललंय."
नऊ वेळा परत पाठवलं त्यांनी.
दहाव्यांदा घेतलं.
ते इचलकरंजीचे, हे मला फार नंतर कळलं,
आणि तरी मी कधी गेले नाही. तासाभराची एसटी.

आज रांगेत पहिला बदल
कागलच्या सुफियान मुजावरचा.
आम्-
ही.
मी लिहिलं, म्ह हा एकच घास आहे.
लिहून झाल्यावर लक्षात आलं,
हे वाक्य माझं नाही.

मग ओलेनाचं दुसरं काम:
वर्षभर ज्यांची हालचाल नाही
त्यांची नावं अधिकाराच्या यादीतून काढा,
नियम आहे, सुरक्षेसाठी.
एकच नाव निघालं.
चौदा महिने.
दोन मेल पाठवले, उत्तर नाही.
फोन नंबर कधी मागितलाच नव्हता.

एक ओळ. लाल झाली, खोडली, पाठवली.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ
काही सुचलं नाही, शेवटी लिहिलं 'यादी अद्ययावत'.

बदल माझा, म्हणून
पासचं बटण मला फिकं दिसतंय.
दुसऱ्या कुणीतरी यायला हवं.
ओलेनाकडं आता पहाट झाली असेल, किंवा दुपार.

मी पडदा मिटत नाही.