उलट्या पायांचं माप

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर रात्री दहानंतर
आमची समीक्षा बसते.
म्हैस समोर, धार गरम, ग्लासावर फेस,
आणि विषय एकच : काल बघितलेलं भूत.
मार्क ग्लासात देतो आम्ही.
पाच ग्लास म्हणजे झोप उडाली,
एक म्हणजे बघता बघता लागली.
पाच अजून कुणालाच मिळालेले नाहीत.

इलाही वायरमन. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं :
"बल्ब लुकलुकला की ह्यास्नी आत्मा दिसतोय.
न्यूट्रल लूज हाय त्यो!
मला बोलवा, पन्नास रुपयांत आत्मा बंद करतो."
हवेलीत शंभर वर्षं कुणी राहत नाही
तर मीटर कुणाच्या नावावर?
हा प्रश्न त्यानं एका सिरीजला आठ भाग विचारला.
नवव्यात कंदील आला,
तेव्हा कुठं दोन ग्लास दिले.

सुनेत्रा सीपीआरला नाईट करते.
पडद्यावर शवागार आलं की ती आधी फरशी बघते.
"एवढी स्वच्छ?"
मग कप्पा आपोआप सरकतो, आम्ही पाय वर घेतो,
ती म्हणते, "आमचा तिसरा कप्पा
दोघांनी वढल्याबिगर उघडत न्हाई.
मेलेल्याला एवढं जमलं असतं
तर ड्युटीला लावला असता त्याला."
एकदा मात्र ग्लास विसळताना सहज बोलून गेली :
पहाटे तीनला बाकावरचा नातेवाईक डबा उघडतो,
डबा दोघांचा असतो,
एकटाच संपवतो.
त्यावर कुणी मार्क दिले नाहीत.
म्हशीनं शेपूट हलवलं.

पारिस सूर्यास्तानंतर काही घेत नाही,
रिकामा ग्लास धरून बसतो.
रक्तही चालत नाही त्याला,
सगळे पिक्चर डोळ्यांवर हात ठेवून बघतो,
आणि सगळ्यात लांबलचक परीक्षण त्याचंच :
दार कुठल्या लाकडाचं, वारा कुठल्या खिडकीतनं,
किंकाळी घशातली की डबिंगची.

राहिलो मी. चपला शिवतो.
हडळ आली, केस मोकळे,
सगळ्यांची नजर चेहऱ्यावर, माझी खाली.
पाय उलटे. म्हणजे अंगठा मागं.
मग पट्टा कुठनं घ्यायचा? टाच कुठली धरायची?
तळ झिजणार तो पुढनं का मागनं?
कागदावर काढूनही बघितलं एकदा,
बायको म्हणाली, "गिऱ्हाईक कोण हाय?"
आणि चालताना आवाज नाही!
माझं मत मी ठासून मांडतो :
"पावलं वाजत न्हाईत, म्हणजे भूत आपल्या गावचं न्हवं."
आपल्याकडची चप्पल दोन गल्ल्या आधी कळते.
तळात बी घालून कर्रकर्र मी स्वतः बसवतो.

परवाच्या पिक्चरची चौघांनी मिळून थट्टा केली.
साडेतीन, दोन, अडीच.
मी दीड दिला आणि बाराला निघालो.

उत्तरेश्वरच्या बोळात लाईट गेली.
न्यूट्रल, म्हटलं मनात.
मागनं कर्रकर्र.
थांबलो. थांबली.
चाललो. चालली.
माझाच आवाज, ठाऊक होतं,
तीन दिवस राबून बसवलेला, बाराशे रुपयांचा आवाज,
ठाऊक असून पाठीवर काटा.
शेवटी चपला काढून हातात घेतल्या
आणि भिंतीकडेनं, अनवाणी, श्वासही न वाजवता
घर गाठलं.
वाटेत कुणाची तरी खिडकी
धाडकन बंद झाली.

दुसऱ्या रात्री इलाहीनं ग्लासच घेतला नाही.
"उत्तरेश्वरात दिसलंय, गड्यांनो. खरंखुरं.
माझ्या खालानं बघितलंय खिडकीतनं.
उंच, भिंतीला चिकटून चाललेलं,
हातात कायतरी लोंबत हुतं,
पायच म्हणं, काढून घेतलेलं.
आणि पावलांचा आवाज न्हाई!"
सुनेत्राचा ग्लास ओठांपाशी थांबला.
पारिसनं डोळ्यांवर हात घेतले, पिक्चर नसताना.
पाच. एकमतानं.

मग मला विचारलं, जाणकार म्हणून.
मी मिशीवरचा फेस पुसला.
बाकाखाली दोन्ही पाय घट्ट दाबून धरलेले,
एक बीही हलू दिलं नाही.
"आवाज न्हवता?" म्हटलं,
"मग आपल्या गावचं न्हवंच त्ये."