डिसेंबरातला कूलर

दिवाळी झाली की नागपुरात कूलर उतरतात.
टाकी घासायची, खसाच्या ताट्या गच्चीवर वाळवायच्या,
जुन्या ताडपत्रीत सगळं गुंडाळून ठेवायचं.
मे महिन्याशी तेवढ्यापुरता तह.

आमचा डिसेंबरातही खिडकीत होता, चालू.
पारा नऊवर. हेमराज दोन रजयांखालून
भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला,
"लोक हसतीन ना वं."

हसतीन तर हसोत.
माझ्या मानेखाली कुणीतरी चूल पेटवत होतं,
रात्री दोनला, मग साडेतीनला.
उशीची खोळ पिळावी इतकी ओली.
शेहेचाळीस अंशांत मानेवाड्यापर्यंत सायकल हाणलेली मी,
नवतपा मला कुणी शिकवू नये.
पण ते ऊन बाहेर असायचं.
त्याला पन्हं होतं, पर्समध्ये कांदा होता,
तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा होता.

ह्याला काय होतं?

मग नववी ब, वर्तुळाचा धडा.
केंद्रापासून परिघापर्यंत रेघ ओढली
आणि तिचं नावच गेलं.
सव्वीस वर्षं शिकवलेला शब्द.
पहिल्या बाकावरची आलिया हळूच म्हणाली,
"त्रिज्या, मॅडम."
शाब्बास, म्हटलं, कुणाचं लक्ष आहे तेच बघत होते.
आणि मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागे जाऊन रडले.
वाटलं, चाललं आपलं डोकं. आईसारखं.

आई अर्ध्या रात्री उठून
मोरीच्या ओल्या फरशीवर जाऊन निजायची.
इतवारीतल्या त्या दोन खोल्या, मी बारावीला.
सकाळी भाकर फेकल्यासारखी वाढायची.
"हिचं सरकलं," बाबा म्हणायचे.
आम्ही भावंडं हसायचो.
मीही. लिहून ठेवते: मीही.

धंतोलीच्या डॉक्टर निमजेबाईंनी
आधी कागदाला पेन लावलंच नाही. विचारत गेल्या:
शेवटची पाळी कधी? त्यानंतर कधी डाग दिसला?
आई, मावशी, बहीण, कुणाला स्तनाचा कॅन्सर?
पायात कधी रक्ताची गाठ? बीपी? कावीळ?
मॅमोग्राफी करून या, मग बोलू.
मी म्हटलं, पण हार्मोन म्हणजे कॅन्सरच ना?
शेजारच्या ढोमणे वहिनी म्हणत होत्या.
त्या हसल्या नाहीत.
"धोका शून्य नाही. काहींना हे चालत नाही,
त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत.
तुमचं वय, तुमची तब्येत, तुमचा त्रास
समोर ठेवून हिशेब करू. गणिताच्या ना तुम्ही?"

आता दंडावर जेल लावते, आंघोळीनंतर.
रात्री एक गोळी, गर्भाशय आहे म्हणून.
दर काही महिन्यांनी पुन्हा जायचं, पुन्हा हिशेब.
जादू वगैरे काही झाली नाही.
पहिला आठवडा तसाच गेला, दुसरा चिडचिडीत.
तिसऱ्यात एकदा जाग आली
तर दारात दूधवाला, आणि उजाडलेलं.
कूलर रात्री कुणी बंद केला कळलंच नाही.

स्टाफरूममध्ये मी मोठ्यानं बोलले. मुद्दाम.
रजोनिवृत्ती हा शब्द पुस्तकात बरा दिसतो,
घरात त्याला कुणी पाट देत नाही.
देशकर सर पेपराच्या मागे गेले.
पाऊनीकर मॅडमनी डबा बंद केला, मग पुन्हा उघडला,
विचारलं, "जेल कितीला पडतं?"
आणि आमची सुगंधाबाई,
जी रोज माठाशी उभी राहून मानेवर पाणी मारते,
चहाचा ट्रे धरून तशीच थांबली.
"थे पेटल्यावानी होते, थे का मॅडम?
मले वाटे माह्यावर कोनाची नजर हाय.
दोन साल झाले, लिंबू उतरवून राह्यली मी."

शनिवारी आम्ही दोघी मेडिकलच्या ओपीडीत,
चिठ्ठीच्या रांगेत.
तिला बीपी आहे. हे औषध
तिला देतीलच असं नाही. विचारतील तरी.

रांग सरकत नव्हती.
"आत गेल्यावर काय सांगू, मॅडम?"
सगळं, म्हटलं.
"लिंबाचं बी?"
लिंबाचं बी.