टाळेबंदी

कुलूप लागलं समुद्रापलीकडे,
किल्ली फिरली आमच्या लिपनिकात, तात्रा डोंगराच्या पायथ्याशी.
मालक म्हणाले, कमी घ्या. खेळाडू म्हणाले, घेत नाही.
मला त्यातलं फारसं कळत नाही. मी स्केटची पाती घासतो.

ऑक्टोबरात राडोवान आला, आईच्या घरी,
त्याच जुन्या खोलीत, पाय पलंगाबाहेर.
तेरा वर्षांत त्याचा डावा गुडघा
सलग दहा दिवस कधी गप्प बसला नव्हता.
आता माणूस बिनपगारी,
गुडघा मात्र भरपगारी रजेवर.

तक्त्याच्या तळाशी होतो आम्ही.
डिसेंबरात चौथे.
गळक्या छताखालच्या खुर्च्याही विकल्या गेल्या,
सॉसेजवाली ओतिल्या मध्यंतरात दोनदा पाव आणायला पळाली.

आणि काश्पर? एकोणीस वर्षांचा.
त्याचीच जागा गेली.
अकरा आठवडे बाकावर, काठीवर हनुवटी टेकून,
तो नुसता बघत होता
वळताना राडोवान कुठला खांदा आधी टाकतो.

जानेवारीत तिकडे सह्या झाल्या.
राडोवान पहाटेच्या गाडीनं गेला. लंगडत नव्हता.
ज्या संघानं त्याला म्हातारा म्हणून विकायला काढलं होतं
त्यांना बसल्याजागी कोरा गडी मिळाला.

त्याच सकाळी काश्परनं स्केट पुढे केले.
"त्याच्यासारखी खोल खाच पाड."
म्हटलं, पडशील.
म्हणाला, "पडेन."

ठिणग्या उडत राहिल्या.
तिकीटखिडकीवर पुन्हा कुणी नव्हतं.