बरोबर

कोथरूडात, डहाणूकर कॉलनीच्या आतल्या गल्लीत,
खाली झेरॉक्स, वर आम्ही सहा जण
एक नवी भाषा घडवतोय.
बोलायची नव्हे. यंत्राला सांगायची.
माझं काम एवढंच: दोन वस्तू शेजारी ठेवायच्या
आणि विचारायचं, तू हिच्याबरोबर आहेस का?
उत्तरं दोनच. खरं, खोटं.
‘तसं नाही, पण’ हे तिसरं,
जे या शहरात सगळ्यात जास्त चालतं,
ते आम्ही ठेवलेलं नाही.

एक हा आकडा, आणि अवतरणातला एक.
खोटं.
एक, आणि एक पूर्णांक शून्य.
खरं. तांबोळी अजून कुरकुरतो.
शून्य आणि रिकामं अक्षर: खोटं, अगदी खोटं,
शिल्लक शून्य असणं वेगळं
आणि खातंच नसणं वेगळं.

रिकामी यादी आणि दुसरी रिकामी यादी,
यावर मंगळवारची अख्खी दुपार गेली.
दोन रिकामे डबे म्हणजे एकच डबा का?
रेवती म्हणाली, झाकणं बदलून बघ,
आईला लगेच कळतं कुठला कुणाचा.

जुन्या आवृत्तीत एक गंमत होती.
तारखेला विचारलं तर मजकूर तिच्याबरोबर,
मजकुराला विचारलं तर ओळखच नाही.
अशी नाती तपासायला संगणक कशाला,
म्हणत तांबोळीनं चहा मागवला.

ओळ दोनशे बारा: माझं आडनाव.
कऱ्हाडकर.
एकदा टिंबासकट जन्मलेला र घेऊन,
एकदा साधा र, मग खाली टिंब वेगळं टोचून.
पडद्यावर दोन्ही सख्खी. चष्मे पुसून पाहिलं.
खोटं.
नियम लिहिला: तुलनेआधी दोघांना एका वळणात आणावं.
लिहिताना आजूबाजूच्या सगळ्या
वळण लावलेल्या मुली आठवल्या, पण ते असो.

ओळ दोनशे चाळीस.
शून्याला शून्यानं भागलं की जे उरतं
आणि जो अंक नाही, ते.
त्याला त्याच्याच शेजारी उभं केलं.
तू तुझ्याबरोबर आहेस का?
खोटं.
इथे खोटंच हवं असतं.
चाचणी हिरवी झाली, आणि फोन वाजला.

खडकीहून बाबा. बँकेतून.
नोव्हेंबर, हयातीचा दाखला.
चौतीस वर्षं कारखान्यात पितळ घासलं,
त्यात बोटांच्या रेघाही गेल्या, हे आम्हाला
पेन्शन सुरू झाल्यावर कळलं.
अंगठा ठेवला, जुळत नाही.
पुसून ठेवला, जुळत नाही.
शेजारच्या बाईंनी पर्समधलं व्हॅसलीन दिलं. नाही.
‘कुणाशी जुळत नाही?’ बाबांनी विचारलं.
‘तुमच्याशी,’ काउंटरवरचा मुलगा म्हणाला.
वाईट नव्हता तो. पडदा वळवून दाखवला त्यानं,
लाल अक्षरं.

विद्यापीठ चौकात रिक्षा वीस मिनिटं अडकली.
पोचले तेव्हा बाबा बाकावर,
अंगठा उजेडात धरून, दुसऱ्याचा असावा तसा बघत.
बुबुळांचं मशीन बिघडलंय, जेवणानंतर येईल,
किंवा उद्या.

‘तुझ्या भाषेत होतं का गं असं?’
म्हटलं, एकच आहे तसा. स्वतःशी जुळत नाही.
‘मग तो आहे हे ठरवायचं कसं?’
युक्ती आहे एक, म्हटलं. प्रत्येकाला विचारत जायचं,
तू तुझ्याबरोबर आहेस का.
बाकी सगळे हो म्हणतात.
जो नाही म्हणेल, तोच तो.

बाबांनी जरा वेळ घेतला. लेथवर माप घेताना घ्यायचे तसा.
‘म्हणजे जुळलो नाही,
म्हणून मीच.’

बरोबर, मी म्हटलं.
पंखा हलत होता, वारा येत नव्हता.
आमचं टोकन सत्तेचाळीस,
फलकावर अजून एकोणीस.