पुशी टाकू का?

भटूने बारा शब्द लिहून ठेवले होते
केळीच्या वजनाच्या पावतीमागे.
तेवढीच चावी त्याच्या नाण्यांची,
जी कुठल्याच तिजोरीत नव्हती.
पावती शर्टात, शर्ट धुण्यात.
आता सावद्याच्या रसवंतीवर बसून
आठवत असतो, अकरावा कोणता होता.
भाव रोज बघतो. वाढलेलाच असतो.

मी त्याला हसत नाही.
माझंही एका कंपनीच्या ॲपवर
नऊ वर्षांचं दुकान होतं;
एका सकाळी त्यांनी नियम बदलले,
शटर त्यांचंच निघालं.

त्याच उन्हाळ्यात सापडली
कुणा अनोळख्याने उघडी ठेवलेली फाईल.
भाषांच्या यादीत अहिराणी. पुढे रिकामं.
बसलो. चारशे शब्द भरले.
'शोधा'ला धुंड.
'त्रुटी'ला कायतरी बिघडनं.
'हटवायचे?' इथे दोन रात्री अडलो,
मग निंबामावशी भिंतीवरचा दुधाचा हिशेब
पुसण्याआधी विचारते, तेच लिहिलं :
पुशी टाकू का?

पैसे शून्य. कुलूपही नाही.
काल नंदुरबारहून कुणीतरी
माझा एक शब्द बदलला,
खाली कारण : आमनाकडे आसं नई म्हनतस.

दिवसभर राग होता.
रात्री त्याचाच ठेवला.